पिवळ्या गाडीतला एकविसावा

विठ्ठलवाडीहून बदलापूरच्या पलीकडच्या त्या गावापर्यंत अंतर फार तर पंचवीस किलोमीटर. रिक्षावालासुद्धा तास-सव्वा तासात नेऊन सोडेल. आम्हाला चार दिवस लागले. कुणी विचारलं तर नवरा ऐटीत सांगतो, "रोड ट्रिप केली." मी गप्प बसते. आम्ही आमच्या कुत्र्याला त्या गावी कायमचं सोडायला निघालो होतो आणि दोघांचाही पाय निघत नव्हता, एवढीच त्या रोड ट्रिपची गोष्ट आहे.

आधी आमच्याबद्दल सांगते. बावीस वर्षं आम्ही शाळेची गाडी चालवली. चालवली नवऱ्याने, मी मागे मुलांबरोबर बसले. तो सगळ्यांचा काका, मी मावशी. पहाटे साडेचारला उठायचं, सहाला पहिलं मूल उचलायचं. मग कुणाला उलटी, कुणाची वेणी सुटलेली, कुणाचा डबा घरी राहिलेला. दुपारची पाळी सोडून घरी आलो की अंगात भात शिजवण्याचंही त्राण नसायचं. लोकांना वाटतं, बसूनच तर असते ही. बसून बघा म्हणावं, वीस पोरांमध्ये, ऑक्टोबरच्या उकाड्यात, आमच्याकडच्या कॅम्प वस्त्यांतल्या खड्ड्यांवरून.

या वर्षी ते सगळं एकदमच संपलं. गाडीचं वय झालं, कागद पुन्हा होणार नव्हते. शाळेने स्वतःच्या बस आणल्या. आणि आमची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा ठरला. मुलगा बदलापूरला राहतो, सातव्या मजल्यावर, दोन खोल्या आणि हॉल. सून पोटुशी होती, दिवस भरत आले होते. मुलगा म्हणाला, दिवाळीनंतर इकडेच या, बाळाला आजी-आजोबा हवेत. सोसायटीचा एक फॉर्म भरायचा होता. तो फोनवर एकेक रकाना वाचत होता.

"आई, राहायला येणारी माणसं किती?"

"दोघं," मी म्हटलं.

"पुढे पाळीव प्राण्यांचा रकाना आहे..." असं म्हणून तो थांबला.

"पुढे वाच," मी म्हटलं.

त्याने पुढे वाचलं. मी असं का म्हटलं, ते मला तेव्हाही नीट माहीत होतं. सुनेला लहानपणी कुत्रा चावला होता. ती चाळीत यायची तेव्हा आम्ही आमच्या कुत्र्याला गाडीत बसवून ठेवायचो. तिने कधी तक्रार केली नाही, पण जिना चढताना तिचा हात माझ्या मुलाच्या दंडावर घट्ट असायचा. त्यात आता पोटात बाळ. तिने नाही म्हणण्याआधी आपणच विषय मिटवलेला बरा, असं मला वाटलं. नकार ऐकायची माझ्यात ताकद नव्हती, हे त्यातलं खरं.

कुत्र्याला नाव नाही. म्हणजे खूप आहेत. गाडीतल्या प्रत्येक मुलाने त्याला आपापलं नाव ठेवलं होतं आणि तो सगळ्यांना ओ द्यायचा. त्यामुळे आमचं एक नाव ठेवायचं राहूनच गेलं. मी त्याला "अरे" म्हणते, नवरा "ओ शेठ" म्हणतो.

तो आमच्याकडे आला नऊ वर्षांपूर्वी, तेही माझ्या चुकीने. असाच ऑक्टोबरचा महिना होता. दुपारची मुलं सोडून आम्ही गाडी चाळीच्या गल्लीत लावली, कुलूप घातलं आणि वर आलो. मी चहा टाकला. खाली एक भटका कुत्रा गाडीवर भुंकायला लागला. एकच भुंक, मग थांबायचा, मग पुन्हा एक. मी गॅलरीतून मगभर पाणी त्याच्या अंगावर फेकलं. तो झटकून परत गाडीपाशी गेला. माझं डोकं फिरलं. चप्पल हातात घेऊन खाली गेले आणि मागच्या काचेवर एक छोटा तळवा दिसला. सिनियर केजीतली मुलगी शेवटच्या सीटखाली झोपून गेली होती. तिच्या थांब्यावर ती उतरली, असं मी धरून चालले होते. दहा मिनिटं झाली असतील फार तर. काचा बंद, बाहेर ऊन. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि ती रडतही नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

तिच्या आईला मी सगळं खरं सांगितलं. लपवता आलं असतं, नवरा लपव म्हणालाही. तिने दोन दिवस मुलीला पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः थांब्यावर आली, मुलीला गाडीत चढवलं आणि मला एवढंच म्हणाली, "ताई, मोजत जा."

त्या दिवसापासून मी मोजते. दार लावण्याआधी प्रत्येक डोक्यावर हात ठेवून मोजायचं. गाडी रिकामी झाली की प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं, मगच कुलूप. तो कुत्रा दुसऱ्या दिवशी आपणहून गाडीत चढला आणि माझ्या पायाशी बसला. त्याला मी काही शिकवलं नाही. पण शेवटचं मूल उतरल्याशिवाय तो उतरायचा नाही. कुणी बुटाची नाडी बांधत मागे राहिलं की तो बाहेर उडी मारून तीच एक भुंक द्यायचा, थांबायचा, पुन्हा द्यायचा. मुलं वीस, त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणायची एकवीस.

आता गाडी भंगारात जाणार होती. नवऱ्याने मोबाइलवर कुठल्या तरी देशातल्या म्हाताऱ्या जोडप्याचे व्हिडिओ पाहिले होते. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, पायाशी कुत्रा, मागे लाल-पिवळी झाडं. दसऱ्याला विहारातून घरी येत होतो, मी पांढऱ्या साडीवर सांडलेल्या खिरीचा डाग चोळत होते, तेव्हा तो म्हणाला, "अगं, एकदा तरी ही गाडी बिनशाळेची चालवायची मला."

"आणि जायचं कुठे?"

तो म्हणाला, "दोस्ताकडे. शेठला सोडायला जायचंच आहे ना."

दोस्त म्हणजे बदलापुरात शाळेची गाडी चालवायचा तो आगरी माणूस. आता गाडी विकून बारवी धरणाच्या रस्त्याला आपल्या गावात भातशेती करतो. कुत्रा ठेवून घ्यायला तो एका फोनवर तयार झाला होता. खळ्यावर राखण होईल म्हणाला. त्याहून चांगली जागा आम्हाला मिळणार नव्हती, आणि तीच गोष्ट मला सर्वांत जास्त टोचत होती.

पहिला दिवस घराजवळच, कॅम्प चारमध्ये गेला. तिथल्या एका सिंधी फर्निचरवाल्याने सीट काढून आत पलंग बसवून दिला होता. दिवसा बाकडं, रात्री पलंग. काम चोख होतं, पण कुत्रा आत चढला आणि उभाच राहिला. पुढच्या सीटमागची त्याची जागा पलंगाच्या पेटीने खाल्ली होती. तो फिरून फिरून तिथेच नाक लावत होता.

फर्निचरवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भाभी, आपने तो दो आदमी का बोला था ना?"

दोघांचंच सांगितलं होतं मी. तिथेही. मला स्वतःचीच चीड आली आणि ती मी त्याच्यावर काढली. म्हटलं, "अब बोल रही हूँ ना, काटो." त्याने पेटी वीतभर कापायला घेतली. फळी कापायची, मग सनमायकाची किनार पुन्हा लावायची, ती सुकायची. आम्ही त्याच्या दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दुपारभर बसलो. समोर कंदिलांची दुकानं लागली होती, टेम्पोतून गाद्या उतरत होत्या, कुठून तरी सतत कटरचा आवाज येत होता. दोन-चार दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं फर्निचरवाल्याने विचारलं. नवरा म्हणाला, "साईं, बनाओ ना." त्याने बनवलं. कुत्रा आत गेला, तीन वेळा गोल फिरला आणि तिथे बसला.

संध्याकाळी निघालो तेव्हा नवऱ्याचा पाय प्रत्येक जुन्या थांब्यावर आपोआप ब्रेकवर जात होता. गिरणीपाशी. दवाखान्याच्या कोपऱ्यावर. निळ्या फाटकापाशी. गाडी हळू झाली की कुत्रा उठून दाराकडे बघायचा. कुणी चढायचं नाही. तो बसायचा. चौथ्यांदा असं झाल्यावर मी म्हटलं, "अहो, सरळ चालवा की! कशाला त्याला उठबशा काढायला लावता?" नवरा म्हणाला, "मी कुठे थांबवतोय? पाय थांबवतो." मी तोंड फिरवून बसले.

अंबरनाथला एमआयडीसीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मोठी झाडं आहेत, तिथे मुक्काम केला. दुसरा पूर्ण दिवस तिथेच काढला, कारण नवऱ्याचा गुडघा सुजला होता आणि माझी कंबर धरली होती. व्हिडिओतलं म्हातारं जोडपं सकाळी उठून चादरी झटकत हसायचं. आम्ही उठलो ते कण्हत. आत भट्टीसारखं तापलेलं, बाहेर डास आणि रसायनाचा वास. लाल-पिवळी झाडं कुठेच नव्हती. पावसाळ्यात वाढलेलं गवत मात्र सुकून पिवळं झालं होतं, त्यावर धूळ बसली होती. स्टोव्हवर खिचडी केली ती खाली लागली. कुत्र्याने ती हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. म्हटलं, तूही नावं ठेव आता.

चहावाल्याने विचारलं, "किधर घूमने निकले हो?"

"असंच, बदलापूर साइडला," नवरा म्हणाला.

"और आए किधर से?"

"विठ्ठलवाडी."

चहावाला इतका हसला की त्याच्या हातातलं दूध हिंदकळलं. मलाही हसू आलं असतं, पण कुत्रा उतरून सावलीत बसला होता आणि ऊन सरकलं तसा उठायचा कंटाळा करून उन्हातच पडून राहिला. त्याच्या डोळ्यांत आता दुधाळ पडदा आला आहे. मागचा एक पाय तो टेकवतो न टेकवतो असं करतो. या वयात त्याने नवं अंगण, नवी माणसं, खळ्यावरची राखण शिकायची. आणि आम्ही? आम्हीही या वयात सातवा मजला शिकायला निघालो होतो. पण आम्हाला निदान कुणी बोलावलं होतं.

मी नवऱ्यावर भडकले. "उद्या सरळ गावाला जाऊ. एका दिवसात काय तो सोक्षमोक्ष लावा. हे असं कणाकणाने मारू नका."

"मी मारतोय?" तो म्हणाला. "फॉर्मवर दोघं कुणी सांगितलं?"

इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही खूप भांडलो असू, पण एवढं जिव्हारी लागलेलं कधी बोललो नव्हतो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो ते फक्त कुत्र्यामार्फत. "ओ शेठ, तुमच्या मावशीला विचारा पाणी आहे का." मी कुत्र्याला सांगायचे, "आहे म्हणावं, हंड्यात." रात्री तो नेहमीच्या जागी, पेटीच्या त्या कापलेल्या वीतभर जागेत झोपला. माझा हात झोपेत खाली लोंबकळत असणार, कारण सकाळी तो ओला होता.

तिसऱ्या दिवशी बदलापूर गाठलं. गावाचा रस्ता डावीकडे वळत होता, नवऱ्याने गाडी उजवीकडे घेतली. मुलाच्या इमारतीसमोर रस्त्यापलीकडे त्याने गाडी लावली. सातव्या मजल्यावर कंदील लावलेला दिसत होता, शेजारी सुनेची हिरवी साडी वाळत होती. वर जावं असं आम्हा दोघांनाही वाटलं असणार. पण वर जायचं म्हणजे कुत्र्याला खाली गाडीत कोंडून जायचं, आणि मग तो का आहे, उद्या कुठे जाणार आहे, ते सांगायचं. आम्ही मुलाला काहीच सांगितलं नव्हतं. दोस्ताकडे चार दिवस फिरायला चाललोय, एवढंच त्याला माहीत होतं.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. नवऱ्याने स्पीकरवर टाकला.

"पोचलात का गावाला?"

"पोचलो की," नवरा म्हणाला. आम्ही त्याच्या बाल्कनीसमोर बसलो होतो.

"गरम होतंय का तिकडे?"

"हो रे. हवा आहे पण."

मुलाचा आवाज ऐकून कुत्रा उठला आणि शेपटी पेटीवर आपटायला लागला. टप टप टप.

"तो कसा आहे?" मुलाने विचारलं.

"कोण?" मी म्हटलं.

"आई, कोण काय? मला ऐकू येतंय."

"बरा आहे."

तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मी कंदिलाकडे बघत बसले. आपल्याच पोराच्या दारात चोरासारखं बसायची वेळ यावी, याची मला लाज वाटत होती आणि तरी मी दार उघडून उतरले नाही. अर्ध्या तासाने नवऱ्याने गाडी चालू केली. गावाच्या वाटेवर एका बंद पेट्रोलपंपाच्या आवारात आम्ही तिसरी रात्र काढली.

चौथ्या दिवशी सकाळी बारवीच्या रस्त्याला लागलो. तिथे मात्र व्हिडिओतल्यासारखं काहीतरी होतं. भात पिकून पिवळं पडलं होतं, काही शेतांत कापणी सुरू झालेली, कापलेल्या धानाचा गोड वास उघड्या खिडकीतून आत येत होता. कुत्र्याने नाक खिडकीच्या कडेवर ठेवलं होतं आणि वाऱ्याने त्याचे कान मागे गेले होते. मला मनातून वाटलं, बघ, आवडेल त्याला इथे. लगेच दुसरं मन म्हणालं, स्वतःची समजूत घालतेस.

दोस्त अंगणातच उभा होता. "या या! कवापासून वाट बगतंय. मना वाटलं गारी परली बंद वाटेत."

त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं. घर छान, अंगण मोठं, आंब्याखाली सावली, बाजूला सारवलेलं खळं. कुत्र्याला उतरायला सांगितलं तर तो उतरेना. मी उतरले, तो दारात उभा. नवरा पुढून उतरला, तेव्हा तो खाली आला. मागे वळून गाडीत बघितलं आणि मग आमच्यामागे चालत आला. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तो नेहमी असाच उतरायचा.

दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट जेवलो. दोस्ताने कुत्र्यालाही पानात वाढलं, त्याने खाल्लं. आंब्याखाली झोपला. कोंबड्यांकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही, त्यामुळे दोस्ताची बायको खूश होती. सगळं इतकं सरळ चाललं होतं की मला रडता येईना. चारच्या सुमारास दोस्ताने आंब्याला दोरी बांधली, दुसरं टोक कुत्र्याच्या गळ्यात. कुत्रा दोरीकडे बघत राहिला. त्याच्या गळ्यात आजवर कधी दोरी पडली नव्हती.

"आता तुमी निगा," दोस्त म्हणाला. "मागं बगू नका. दोन दिस रडंल, मंग रमंल. मी बगतंय ना, तुमी काय कालजी नका करू, वयनी."

मी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोंडातून आकडा येणार होता, तो गिळला. गाडीत चढले. नवरा चढला. मी दार ओढून लावलं. नवऱ्याने चावी फिरवली.

आणि तो भुंकला. एकदाच. थांबला. पुन्हा एकदा.

"रडतंय बिचारा," दोस्ताची बायको म्हणाली.

पण तो रडत नव्हता. मला ती भुंक पाठ होती. नऊ वर्षं ऐकली होती मी ती, नाडी बांधत बसलेल्या प्रत्येक पोरासाठी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याच्या अंगावर पाणी फेकलं होतं. तो आम्हाला बोलावत नव्हता, मला नेऊ नका असंही म्हणत नव्हता. तो दोरी ताणून उभा राहून सगळ्या अंगणाला सांगत होता, की दार लागलंय आणि आत माणसं राहिली आहेत.

नवऱ्याने चावी फिरवलेली तशीच धरून ठेवली होती. इंजिन थरथरत होतं.

मी दार सरकवलं आणि उतरले. तो गप्प झाला. माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या सीटकडे. पुन्हा एकदा भुंकला.

"अहो," मी म्हटलं, "उतरा. तुमच्यासाठी आहे ती."

नवरा उतरला. सुजलेल्या गुडघ्याने, दार धरून, सावकाश. कुत्रा गप्प झाला. त्याने रिकाम्या गाडीकडे एकदा बघितलं आणि आंब्याखाली बसला. त्याचं काम झालं होतं. सगळे उतरले होते.

आता मला रडू आलं. चांगलं मोठ्याने, दोस्ताच्या अंगणात, त्याच्या बायकोसमोर, कोंबड्यांसमोर. नवरा गाडीला टेकून उभा राहिला. त्याने डोळे पुसले नाहीत, फक्त चष्मा काढून शर्टाला घासत राहिला. दोस्त एकदा आमच्याकडे, एकदा कुत्र्याकडे बघत होता.

"मंग, नेताय काय परत?" त्याने विचारलं.

मी मुलाला फोन लावला. पदराने नाक पुसलं, पण आवाज काही ताळ्यावर येईना.

"तो फॉर्म दिलास का सोसायटीला?"

"नाही अजून. का?"

"आम्ही तिघं आहोत," मी म्हटलं. "माझं मोजायचं चुकलं."

पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं, हाच तो नकार, ज्याला मी इतकी घाबरत होते. म्हटलं, तुझी अडचण असेल तर स्पष्ट सांग, आम्ही अंबरनाथला कुठे तळमजल्यावर खोली बघू, बाळाला बघायला येऊन जाऊ. भराभरा बोलत सुटले मी.

"आई, थांब जरा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी त्या रकान्यापाशी थांबलो होतो ना? तुझ्या उत्तराची वाट बघत होतो मी. तू म्हणालीस, पुढे वाच. मला वाटलं, तुम्ही त्याचं काहीतरी ठरवलंय आणि तुला बोलायचं नाहीये."

तिघंही आजच इकडे या, असं म्हणून त्याने फोन ठेवला, तरी माझा तसाच कानाला होता. इतक्या मुलांना बावीस वर्षं सांगत आले, काही लागलं तर तोंडाने मागा रे, मुक्यासारखे बसू नका.

दोस्ताने दोरी सोडली. त्याच्या बायकोने नव्या तांदळाची पिशवी गाडीत ठेवली. कुत्रा आपणहून चढला आणि पेटीच्या कापलेल्या जागेत जाऊन बसला. मी दार लावण्याआधी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग नवऱ्याच्या टकलावर. "तीन," म्हटलं. "काय गं," असं नवरा म्हणाला, पण डोकं त्याने बाजूला केलं नाही.

दिवेलागणीच्या आधी बदलापूरला पोचलो. जाताना मधे एक रात्र घालवलेलं अंतर परतताना चाळीस मिनिटांत संपलं. मुलगा आणि सून खाली पार्किंगमध्ये उभे होते. सुनेचा हात त्याच्या दंडावर तसाच घट्ट होता, दुसरा पोटावर. गाडी थांबली तशी ती दोन पावलं मागे सरली. पण वर गेली नाही.

"आई, खोटं कशाला सांगू," ती म्हणाली, "मला भीती वाटते त्याची. जाईल की नाही माहीत नाही. पण तुम्ही मला विचारायचं तरी होतं."

"चुकलं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. पुढे कसं करायचं, तो कुठे झोपणार, बाळ आल्यावर काय, यातलं काहीच तेव्हा ठरलेलं नव्हतं आणि ठरवायची कुणातही ताकद नव्हती. आम्ही नुसते थकलेले होतो.

नवरा उतरला. मी उतरले. मग कुत्रा उतरला, दुखरा पाय सांभाळत. सुनेपासून लांबच थांबला, जणू त्याला कुणी सांगितलं होतं. सवयीने मी आत वाकून बघणार, तोच तो माझ्या आधी दारापाशी गेला. पुढचे पाय पायरीवर ठेवून त्याने ती सबंध रिकामी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

तो भुंकला नाही. आत कुणी राहिलं नव्हतं.